डायरेक्ट

आमच्याकडे गॅरेजमध्ये एक शब्द सारखा कानावर पडतो: 'डायरेक्ट'. रेडिएटरच्या पंख्याचा रिले गेला आणि नवा मिळाला नाही, की पंखा डायरेक्ट करतात. सेल्फचं बटण अडलं, की सेल्फ डायरेक्ट. बोअरच्या मोटरीचा स्टार्टर सारखा ट्रिप होतो, मग त्यातला ओव्हरलोड रिले बाजूला ठेवून मोटर डायरेक्ट. मधलं जे काही बिघडलंय ते काढायचं आणि तारेला तार जोडायची. वस्तू चालू होते. "डायरेक्ट केलंय बरं का," हे मिस्त्री पैसे घेताना सांगतो, आणि बहुतेक वेळा पुढे "सध्यापुरतं" असंही जोडतो. ते सध्यापुरतं पुढे पाच-सहा वर्षं टिकतं, ही गोष्ट वेगळी.

मागच्या मे महिन्यात मीही एक गोष्ट डायरेक्ट केली. फरक इतकाच, की मी ते कुणाला सांगितलं नाही. हा लेख त्या न सांगण्याबद्दल आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. घर बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात. वडील, म्हणजे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्याकडे 12 वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली छोटी गाडी आहे. मी सुट्टीला गेलो तेव्हा ऊन 42 अंशांच्या पुढे होतं आणि गाडीचा ब्लोअर एकाच वेगावर चालत होता. 1, 2, 3 वर काहीच नाही. बटण 4 वर नेलं की भस्सकन वारा. दोन दिवसांनी आईला गुडघे दाखवायला अंबाजोगाईला न्यायचं होतं. 4 वर ठेवलं तर गाडीत बोललेलं ऐकू येत नाही आणि आईचं डोकं धरतं. बंद केलं तर गाडीत बसवत नाही. शहरातल्या सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितलं, की पूर्ण युनिट बदलावं लागेल, आठवडा जाईल. आणि जो आकडा सांगितला तो ऐकून अण्णा म्हणाले, "एवढ्यात शेळी येती."

मी म्हणालो, "थांबा, मी बघतो."

हा बिघाड इतका ठरावीक आहे, की गाडी न उघडताही निदान करता येतं. जुन्या साध्या गाड्यांत ब्लोअरचा वेग कमी करण्यासाठी मोटरीच्या वाटेत रेझिस्टर घातलेला असतो: एका छोट्या पट्टीवर बसवलेली तारेची दोन-तीन वेटोळी. वेग 1 वर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, 2 वर त्यांतल्या काहींतून, 3 वर एखाद्याच. 4 वर मात्र ती रेझिस्टरला वळसा घालून सरळ मोटरीकडे जाते. म्हणून रेझिस्टरची पट्टी निकामी झाली, की फक्त 4 उरतो.

आता मोटरीपर्यंत न पोचलेली ऊर्जा जाते कुठे? वेटोळ्यांच्या उष्णतेत. 2 ओहमचं वेटोळं आणि त्यातून 4 अँपिअर वीज, इतकं धरलं तरी 32 वॅट होतात. सोल्डरिंगची साधी इस्त्री 25 वॅटची असते. म्हणजे डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या नळीत, इस्त्रीपेक्षा जास्त उष्णता सोडणारी वस्तू सतत चालू. ती वितळवत नाही कशाला, तर ती मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेली असते. पंखा ज्या रेझिस्टरमुळे हळू फिरतो, त्यालाच गारही करतो. मला ही रचना फार आवडते. एका दमडीचा जास्तीचा खर्च नाही.

पण एक प्रश्न राहतो. वारा अडला तर? पाती अडखळली, कचरा भरला, तर वेटोळी तापत जाणार. गाडीच्या फ्यूज बॉक्समधला मोठा फ्यूज इथे कामाचा नाही, कारण तो विजेवर लक्ष ठेवतो, उष्णतेवर नाही. वारा अडला म्हणून वीज 20-30 अँपिअरच्या वर जाईलच असं नाही. ती आपल्या मर्यादेत वाहत राहील आणि वेटोळी लाल होतील. म्हणून त्या पट्टीवर आणखी एक राखणदार बसवतात: थर्मल फ्यूज. गहू-ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, दोन्ही बाजूंना तार असलेला. ठरलेलं तापमान ओलांडलं, की तो आतून तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. आमच्या गाडीतल्या फ्यूजवर बारीक अक्षरात 184 अंश असं छापलेलं होतं.

ग्लोव्ह बॉक्सच्या खाली आडवं पडून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून, दोन स्क्रू आणि एक प्लग काढला आणि पट्टी बाहेर आली. मल्टिमीटर लावला. वेटोळी सगळी शाबूत. फ्यूज तुटलेला. दहा-वीस रुपयांची वस्तू. तालुक्याच्या गावात तीन दुकानं फिरलो. दोघांनी पूर्ण पट्टी मागवून देतो म्हणून सांगितलं, तिसऱ्याने फ्यूज हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "हे कशाला हुडकायलाव? तार मारा, डायरेक्ट होतंय."

मी तार मारली. ब्लोअर 1, 2, 3, 4, चारही वेगांवर चालू झाला. आई म्हणाली, "पोराच्या शिक्षणाचा पैसा आज वसूल झाला." शेजारचे काका बघून गेले. अण्णांनी दुरून सगळं पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, "ते पांढरं बारकं काढून टाकलंस, ते कशाला होतं?"

मी म्हणालो, "काही नाही अण्णा. सेफ्टीसाठी असतं."

हे वाक्य मी तेव्हा पुरतं ऐकलंही नाही. नंतर पुण्यात आल्यावर ऐकू आलं. 'काही नाही' आणि 'सेफ्टीसाठी असतं' ही दोन वाक्यं एकापुढे एक ठेवायला माणूस केवढा तरबेज असावा लागतो!

ऐकू आलं त्याचं कारणही नोंदवायला हवं. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाचा कोड मी तपासत होतो. त्याचा प्रोग्रॅम एका ठिकाणी एरर देऊन थांबत होता. त्याने काय केलं होतं, तर ती एरर पकडायची आणि तिचं काहीच करायचं नाही, अशी तीन ओळींची तजवीज. प्रोग्रॅम आता थांबत नव्हता. मी त्याला बऱ्यापैकी लांब भाषण दिलं. "एरर हा बिघाड नसतो, बिघाडाची बातमी असते. तू बातमी देणाऱ्याचं तोंड बांधलंस. उद्या डेटा चुकीचा गेला तर कुणाला कळणार?" मुलगा मान हलवत होता, आणि मला माझ्याच आवाजात गाडीतला तो फ्यूज दिसायला लागला. फ्यूज बिघडलेला नव्हताच. त्याने त्याचं काम केलं होतं. पट्टी कधीतरी 184 अंशांच्या वर गेली, आणि त्याने ती बातमी स्वतः तुटून सांगितली. मी बातमी काढून फेकली आणि दुरुस्ती झाली म्हणालो.

आमच्या धंद्यात जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाचा 1929 सालचा एक दाखला नेहमी दिला जातो. वाटेत एक कुंपण आहे. ते कशाला घातलंय हे कळत नसेल, तर ते काढायचा तुम्हाला हक्क नाही. आधी कळून घ्या, मग बोला. दाखला चांगला आहे, पण माझ्या बाबतीत लागू पडत नाही. मला ते कुंपण कशाला आहे हे नेमकं माहीत होतं. वर मांडलेलं गणित मला त्या दिवशीही येत होतं. म्हणजे ज्ञान कमी पडलं असं म्हणून सुटता येत नाही. उलट तालुक्याच्या दुकानदारापेक्षा माझी जबाबदारी जास्त होते. त्याला 184 हा आकडा नुसता आकडा होता. मला तो वाचता येत होता.

मग प्रश्न असा: मी नेमकं काय चुकलो? तार जोडली हे, की सांगितलं नाही हे?

तार जोडण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मला मनापासून पटतं. जुगाडाला नाकं मुरडणारे लोक बहुधा सुटा भाग हाकेच्या अंतरावर मिळणाऱ्या गावात राहतात. इथे दहा-वीस रुपयांच्या फ्यूजसाठी पूर्ण युनिटचे पैसे मागितले जातात. हा एकट्या आमच्या तालुक्याचा अनुभव नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड लावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू न देणं, हा त्यांच्यावरचा मुख्य ठपका. पुढे काही कंपन्या अपिलात गेल्या. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. म्हणजे ज्या माणसाने तार जोडली त्याच्या हातात ती तार देणारे आणखी बरेच जण असतात. योग्य वस्तू महाग आणि दूर ठेवायची, आणि मग लोक चुकीची वस्तू वापरतात म्हणून त्यांना अडाणी म्हणायचं, हा न्याय नव्हे.

पण हा सगळा युक्तिवाद तारेचं समर्थन करतो. गप्प राहण्याचं करत नाही. कंपनीने फ्यूज सुटा विकला नाही म्हणून मला तार जोडावी लागली, हे ठीक. कंपनीने फ्यूज सुटा विकला नाही म्हणून मला अण्णांना "काही नाही" म्हणावं लागलं, हे वाक्य मला कितीही फिरवलं तरी जुळवता येत नाही. नाइलाज कृतीला असतो. बोलायला कसला नाइलाज? बोलायला पैसे पडत नव्हते, दुकान लागत नव्हतं, आठवडाही लागत नव्हता. पडणार होती ती माझी किंमत. चारही वेग चालू केल्याचं कौतुक चाललेलं असताना "पण हे अर्धवट आहे" म्हणणं मला जड गेलं, इतकंच.

आणि इथे गॅरेजमधला तो शब्द मला वेगळा दिसायला लागला. "डायरेक्ट केलंय" असं मिस्त्री सांगतो, तेव्हा तो धोका झाकत नाही, तो धोका हवाली करतो. आता तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ठरवा. दहावीच्या पुढे न शिकलेला माणूस हे बोलतो, आणि चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला माणूस बोलत नाही. शिक्षणाने मला 184 वाचायला शिकवलं. सांगायला शिकवलं ते, बहुधा, नाही.

कुणी म्हणेल, गाडी तुमची, जोखीम तुमची. माझ्या लहानपणी शेतातली डीपी हे याचं उत्तर होतं. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत सगळ्या मोटरी एकदम चालू व्हायच्या, वर दोन-चार आकडे. फ्यूज उडायचा. रात्री कुणीतरी जाऊन फ्यूजच्या बारीक तारेऐवजी जाड तार पिळायचा, आणि त्या रात्री सगळ्यांचं भिजायचं. एकदा नव्हे, आठ-दहा वेळा भिजायचं. मग एक दिवस डीपीच जळायची, आणि नवी येईपर्यंत सगळ्या शिवाराचा गहू माना टाकून उभा. जाड तार कुणी लावली हे गावात सगळ्यांना माहीत असायचं आणि नाव कुणीच घ्यायचं नाही, कारण तिच्यावर प्रत्येकाने आपलं रान भिजवून घेतलेलं असायचं. फ्यूज काढणाऱ्याचा फायदा आजच्या रात्रीपुरता असतो. धोका मात्र अशा माणसांत वाटला जातो, ज्यांना कुणी विचारलेलं नसतं.

यातली खरी फसवी गोष्ट आहे ती ते 'आठ-दहा वेळा'. राखणदार काढल्यावर लगेच काही होत नाही. काही न होण्याचा एकेक दिवस पुरावा म्हणून जमा होत जातो. भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर 1984 च्या त्या रात्री विषारी रसायन गार ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि सुटलेला वायू जाळून टाकायचा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणी सोडवून ठेवलेला होता. शीतकरण बंद केल्याला काही महिने झाले होते. त्या महिन्यांतला प्रत्येक दिवस सुखरूप गेला होता. आमच्या ब्लोअरची आणि भोपाळची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण "इतके दिवस काही झालं नाही ना" हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे.

आमच्या गाडीत ती तार सहा आठवडे होती. त्या काळात अण्णांनी गाडी माझ्या चुलत भावाला एका लग्नासाठी गेवराईला न्यायला दिली. मागच्या सीटवर त्याची दोन पोरं. काहीही झालं नाही. मग मी चुकलो का? बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये 'मॉरल लक', म्हणजे नैतिक नशीब, या नावाने हाच पेच मांडला. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीखाली पोर आलं, दुसऱ्याच्या वाटेत कुणी आलंच नाही. दोघांनी केलं तेच. तरी एकाला आपण गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. नशिबाने दोष कमी-जास्त होतो का, यावर वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःपुरतं एवढं कळलं: पोरं सुखरूप घरी आली हे माझं काम नव्हतं. त्याचं श्रेय मला घेता येत नाही, आणि ते घेता येत नसेल, तर त्याच्या आडोशालाही उभं राहता येत नाही.

गाडी गेवराईला जाऊन आली हे मला फोनवर सहज बोलता बोलता कळलं. मी अण्णांना सगळं सांगितलं. फ्यूज म्हणजे काय, तार म्हणजे काय, वारा अडला तर काय. ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "हे तवाच सांगायचं होतंस. आम्ही काय चारवर चालवली नसती का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, 4 वर रेझिस्टर वाटेतच येत नाही. सुरक्षित पर्याय त्या दिवशीही बटणावरच होता. आईचं डोकं दुखलं असतं, पण कशासाठी दुखवून घेतोय हे तिला माहीत असतं. मी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलंय हेही त्यांना कळू दिलं नव्हतं. सोय दिल्यासारखं करून मी त्यांचा निर्णय काढून घेतला होता.

त्या दिवसापासून मी येईपर्यंत अण्णांनी ब्लोअर फक्त 4 वर चालवला, आणि गाडी कुणाला दिली नाही.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्याच तापमानाचा, तेवढीच वीज पेलणारा फ्यूज मिळाला. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा या वेळी आधी कारण शोधलं. ब्लोअरची मोटर खाली उतरवली तर पात्यांच्या चाकात कडुनिंबाच्या वाळक्या काड्या-पानांचा गोळा. गाडी बारा महिने अंगणातल्या लिंबाखाली उभी असते. काचेखालच्या जाळीतून पानं आत जात होती, चाक घासत फिरत होतं, वारा निम्मा झाला होता आणि वेटोळी तापत होती. फ्यूज खरं बोलत होता. नुसता नवा फ्यूज घातला असता, तर तोही काही दिवसांत तेच सांगून तुटला असता. चाक साफ केलं, जाळीवर बारीक जाळी बसवली. फ्यूज सोल्डर केला नाही, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो तुटू शकतो. धातूच्या बारीक नळीत दाबून तारा जोडल्या. दुपार गेली. चारही वेग चालू झाले, सहा आठवड्यांपूर्वी झाले होते तसेच. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही दुरुस्त्यांत फरक सांगता आला नसता. म्हणूनच तो फरक कुणीतरी तोंडाने सांगावा लागतो.

अण्णा गाडीत एक वही ठेवतात. पेट्रोल, हवा, ऑइल, सगळं तारखेसह. त्यांनी ती काढली आणि मला दिली. मे महिन्याच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद होती: 'ब्लोअर दुरुस्त. चिरंजीवांनी केला.' मी पेन घेऊन ती खोडायला लागलो, तर त्यांनी हात धरला. "खोडायचं नाही. खाली लिही. कवा काय काढलं, कवा काय बसवलं, समदं लिही. उद्या गाडी इकली तर वही गाडीसंगट जाईल."

मी लिहिलं. मे महिन्यात फ्यूज काढून तार जोडली होती, हे आधी लिहिलं. ते लिहायला नवा फ्यूज बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.